फादरांच्या पुस्तकातलं एक वाक्य

१२ जून

मोठे फादर अखेर पुस्तकाला तयार झाले. इथे आल्यापासून मी त्यांच्या मागे हात धुऊन लागलो होतो. रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ते थोडा वेळ बोलतात, रोजच्या जगण्यात ख्रिस्ताच्या मागे कसं चालावं याबद्दल, साध्या शब्दांत. ते सगळं हवेत विरून जातं याची मला हळहळ वाटते. "लोक ऐकतात, घरी जातात, विसरतात. तेच बरंय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आज स्वयंपाकघरातून, आमचं घर सांभाळणाऱ्या मावशींनी आवाज दिला, "छापा हो एकदाचं, माझ्या बहिणीला पाठवायचंय." फादरांनी हात टेकले. या घरात धर्मगुरू दोन असले तरी निकाल मावशीच देतात.

फादरांचे डोळे अधू झालेत, हाताला कंप आहे. म्हणून ते बोलणार आणि मी थेट कॉम्प्युटरवर उतरवून घेणार. पुस्तकावर नाव अर्थात त्यांचं. लोक त्यांना मोठे फादर म्हणतात आणि मला धाकटे. धाकट्याचं नाव कुठेच नसेल, पण हे कुणी घडवलं ते बिशपांच्या कानावर जाईलच. परदेशी शिक्षणासाठी आमच्यातल्या एकाला पाठवायचं आहे म्हणतात. हा विचार मनात आला, आला तो लिहिला.

२९ जून, शनिवार

खोकल्याने फादरांना बेजार केलंय. शनिवारच्या पापनिवेदनाला त्यांच्या जागी मी बसलो, त्यांच्याच कक्षात. माझा कक्ष दाराशी आहे, तिथे शाळकरी मुलं तेवढी येतात, कारण मी प्रायश्चित्त कमी देतो असा बोभाटा आहे. यांच्याकडे मात्र लांब रांग. आज कोण बसलंय याची पाटी लावायची राहून गेली. मध्ये लाकडी जाळी, जाळीवर जाड पडदा, आत अंधार आणि सगळी कुजबुज. कुणाला काही कळलं नाही. एक आजोबा उठता उठता म्हणाले, "खोकला कमी दिसतोय, फादर. काढा सोडू नका." हे पापनिवेदनात मोडत नाही, म्हणून लिहितो.

बाकी आत जे ऐकलं त्याबद्दल इथे अक्षर नाही. ते सांगायचं नाही, सुचवायचं नाही, खुणेनेही दाखवायचं नाही, जीव गेला तरी. सेमिनरीत, धर्मगुरू घडवतात तिथे, शिकवलंय की उठताना सगळं तिथेच टाकून उठायचं. मला ते फार चांगलं साधलंय. सोबतचे म्हणतात की ऐकलेलं त्यांना वर्षानुवर्षं छळतं. मी दार ओढलं की मोकळा. ही देणगीच म्हणायची.

६ जुलै, शनिवार

आजही त्यांच्या कक्षात मीच, पाटीशिवाय. फादरांचा खोकला आता माझ्या घशात मुक्कामाला आलाय. आवाज पार बसला. रात्रीच्या प्रार्थनेत मी नुसते ओठ हलवले.

३ ऑगस्ट

क्षमेचं प्रकरण. फादरांची उदाहरणं म्हणजे उकडलेला बटाटा, मीठही नाही. आज सांगितलं ते असं: "एकाने सख्ख्या भावाशी अबोला धरला. भाऊ वारला. हा मातीला गेला नाही. पुढे फार रडला." संपलं. मी विचारलं, "कोण होता? कुठला?" तर म्हणाले, "होता कुणीतरी. उदाहरणातल्या माणसाला चेहरा देऊ नये, बाळ."

ते झोपायला गेल्यावर मी थोडं सावरलं. भाऊ काढून दोन बहिणी केल्या, कारण वाचतात त्या बायकाच. मग एक वाक्य असं आलं की मीच खुर्चीत मागे रेललो: "चर्चची घंटा कानावर येऊ नये म्हणून ती दिवसभर शिवणयंत्र चालवत राहिली, आणि सुईत दोराच नव्हता." कुठून सुचलं देव जाणे. बोटं आपली आपण चालली. शेवटही गोड केला: पुढच्या रविवारी ती कबरीवर गेली आणि तिच्या मनाला शांती मिळाली.

मोठ्या फादरांना अनुभव आहे. लिहिण्याचं अंग मात्र मला आहे, हे कबूल करायला काय हरकत आहे?

५ ऑगस्ट

प्रकरण वाचून दाखवलं. शिवणयंत्राशी आलो तेव्हा त्यांनी बोट वर केलं. "हे मी म्हटलं होतं?"

"तुमचंच आहे फादर, जरा फुलवलंय."

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. "छान आहे," म्हणाले. "राहू दे." मला वाटलं त्यांचे डोळे भरून आले. डोळ्यांत औषध घातलेलंही होतं, त्यामुळे खात्री नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

पुस्तक निघालं. मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, संपल्यावर दारातल्या टेबलावरचे गठ्ठे बघता बघता उडाले. लोक फादरांच्या सह्या घेत होते, आणि त्यांची सही म्हणजे नुसती थरथरती रेघ. छापखानेवाले म्हणाले, दुसरी आवृत्ती काढावी लागणार. बिशपांचे सचिव आले होते. ते सेमिनरीत माझ्या बाकावर बसायचे. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "साहेबांनी वाचलं. क्षमेचं प्रकरण दोनदा वाचलं. अरे, तुझं नाव वर गेलंय असं समज."

रात्री जेवण दुप्पट गेलं.

२९ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस वाईट गेला.

आमच्याकडे एक टेलरबाई आहेत. शाळेचे गणवेश, वेदीवरची वस्त्रं, आमचे झगे, सगळं त्याच शिवतात. एकट्या राहतात. दुपारी त्या घरी आल्या, बसल्या नाहीत, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि मोठ्या फादरांना म्हणाल्या, "फादर, हे तुम्ही कसं छापलंत?"

फादरांनी पुस्तकावर हात ठेवला.

"बहिणीच्या मातीला मी गेले नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. त्याचं काही नाही. पण सुईत दोरा नव्हता हे कुणाला ठाऊक? मी घरात एकटी होते. मी ते एकदाच बोलले. तुमच्यापाशी. जाळीतून."

मावशींच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मला वाटलं फादर आता सांगतील, बाई, हा योगायोग आहे. ते उठून उभे राहिले फक्त, आणि त्या जाईपर्यंत उभेच होते. जाताना त्या म्हणाल्या, "मी बिशपांकडे जाणार."

मी इथे आलो त्याच्या आधीच त्यांची बहीण वारली होती. दोघींचं वाजलं होतं हेही मला ठाऊक नव्हतं. ते वाक्य मी रचलं, माझ्या डोक्यातून. शिवणयंत्र काय घरोघरी असतं. निव्वळ योगायोग. मी तिथेच बोलायला हवं होतं का? पण मग पुस्तकात मी भर घातली हे बाहेर येतं, आणि तेही आत्ता, नाव वर गेलेलं असताना. दोन दिवसांत निवळेल.

२ ऑक्टोबर

निवळलं नाही. सचिवांचा फोन आला. चौकशी संपेपर्यंत मोठ्या फादरांनी पापनिवेदन ऐकायचं नाही. पापनिवेदनाचं गुपित फोडणं म्हणजे आमच्यात सगळ्यात मोठा गुन्हा. सिद्ध झालं तर त्यांचं धर्मगुरूपण जाईल. उभा जन्म त्या एका कामात गेलेला माणूस. सकाळी त्यांनी पापनिवेदन ऐकताना गळ्यात घालायचा, कक्षात टांगलेला आपला जांभळा पट्टा काढून आणला, घडी केली आणि कपाटात ठेवला. घडी नीट बसेना. मी पुढे झालो तर म्हणाले, "राहू दे, मला येतं."

जेवताना मी विषय काढला. "फादर, एवढंच सांगा ना की तिने असं काही तुम्हाला सांगितलंच नव्हतं."

"म्हणजे तिने काय सांगितलं आणि काय नाही, ते मी सांगू?"

"पण हे खोटं आहे!"

"आज एकीबद्दल नाही म्हणालो, तर उद्या ज्याच्याबद्दल गप्प बसेन त्याचं लोक काय समजतील? नाहीही म्हणायचं नसतं. तुला शिकवलंय ना हे?"

शिकवलंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे वाक्य आपण सांगितलेलं नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक? मग तेवढं तरी का सांगत नाहीत? त्यात कुणाचं गुपित फुटतंय? मला त्यांचा राग येतोय. ते तोंड उघडत नाहीत म्हणून मला उघडावं लागेल की काय, या भीतीचा हा राग आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

चर्चमध्ये रांग नव्हती. माझ्या कक्षात कुणीच आलं नाही, शाळकरी मुलंही नाहीत. बाहेर दोन बायका बोलत होत्या, "आता कुणापाशी बोलायचं म्हणजे छापूनच यायचं." मी आत बसलो होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं.

दारावरच्या पेटीत कुणीतरी पुस्तक परत टाकलंय. सही केलेली प्रत.

७ ऑक्टोबर

मावशी कुणाचंच ऐकून घेत नाहीत. भाजीवाल्याशी भांडल्या, दूधवाल्याशी भांडल्या. "तीस वर्षं मी यांचं करतेय. माझ्या नवऱ्याने काय काय सांगितलं असेल यांना, पण यांच्या चेहऱ्यावरून मला कधी एक गोष्ट कळली नाही. चहात साखर कमी पडली तरी यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही." मग माझ्याकडे वळल्या, "तुम्ही का मूग गिळून बसलात? तुम्ही होतात ना लिहायला? सांगा की जाऊन."

मी म्हटलं, डोकं दुखतंय. खरंच दुखत होतं.

टेलरबाईंनी कुणाला तरी बोलता बोलता सांगितलं असेल. शेजारणीने खिडकीतून पाहिलं असेल. ते फिरत फिरत माझ्या कानावर आलं असेल. असंच काहीतरी असणार.

९ ऑक्टोबर

सचिवांनी मित्र म्हणून फोन केला. म्हणाले, "प्रकरण सरळ दिसतंय रे. बाईचं म्हणणं पक्कं आहे. तारीखसुद्धा सांगते. जुलैचा पहिला शनिवार, कारण त्याच दिवशी गणवेशाचं काम संपलं होतं. फादरांचा आवाज बसला होता म्हणाली, शब्द नीट फुटत नव्हते, तरी शांतपणे ऐकून घेतलं. एवढं कुणी मनाने रचत नाही. बिचारे म्हातारे झालेत, काय ऐकलं आणि काय नाही याची सरमिसळ झाली असणार. तू मध्ये पडू नकोस. तुझे कागद पुढे गेलेत."

मी फोन ठेवला.

इथे मी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या काळ्या केल्या आहेत. शाई मागच्या पानावर उतरली.

१० ऑक्टोबर

सकाळची मिस्सा मी केली. हात धुताना पाणी सांडलं.

११ ऑक्टोबर

काय लिहिता येईल आणि काय नाही, याचा विचार करून करून डोकं पिकलं. वाक्याबद्दल लिहिता येईल. ते वाक्य मोठ्या फादरांचं नाही. ते मी टाइप केलं. त्याच्या पलीकडे एक पाऊलही टाकता येत नाही, इथेही नाही, स्वतःपाशीही नाही. काही विसरायचं असतं असं मला शिकवलं होतं, आणि मी विसरलो यावर खूश होतो. विसरणं म्हणजे ते कुठून आलं एवढंच विसरणं असेल, तर मी काय साधलं?

आता कळतंय की फादर गप्प का आहेत. हे वाक्य माझं नाही, असं म्हटलं की मग कुणाचं, हा प्रश्न येतो. ते कुणाचं हे त्यांना माहीत आहे. त्या शनिवारी ते अंथरुणात होते हेही त्यांना माहीत आहे. मला ते एका शब्दाने विचारू शकत नाहीत आणि मी त्यांना एका शब्दाने सांगू शकत नाही. एकाच टेबलावर आम्ही एकमेकांना भात वाढतो.

लाज वाटते. भीतीही वाटते. दोन्ही सारख्याच आहेत असं लिहिलं असतं, पण भीती जास्त आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

फादरांनी संध्याकाळी बोलायचं सोडून दिलंय. प्रार्थना झाली आणि ते खाली बसले. लोक थोडा वेळ थांबले, मग बाकं सरकल्याचे आवाज आले. टेलरबाई आल्या नव्हत्या. नंतर दिसलं की त्यांच्या दुकानाला कुलूप आहे. लोक त्यांनाही बोलताहेत, फादरांवर आळ घेतला म्हणून.

म्हणजे एका वाक्याने दोघं गेले. मी तेवढा शाबूत आहे.

१६ ऑक्टोबर

बिशपांकडे फादरांची आज सुनावणी होती. त्यांना मीच गाडीने नेलं. वाटेत ते झोपले, किंवा झोपल्यासारखे बसले. मला बिशपांच्या खोलीबाहेर थांबायला सांगितलं, पण दार नीट लागत नाही. बिशप म्हणाले, "फादर, तुम्ही काहीच म्हणाला नाहीत तर मला निर्णय घ्यावा लागेल."

"पुस्तकावर नाव माझं आहे," फादर म्हणाले. "वाक्य न् वाक्य माझं."

मी दार ढकललं. ठरवून नाही. ठरवत बसलो असतो तर अजून बाहेरच असतो.

"ते वाक्य माझं आहे. शिवणयंत्राचं. फादरांनी ते सांगितलेलं नव्हतं. त्यांना न विचारता मी घातलं."

बिशप माझ्याकडे वळले. "तुम्ही घातलं? मग ते तुम्हाला..." आणि ते मध्येच थांबले. चष्मा काढला. तेही धर्मगुरूच आहेत, त्यांनीही आयुष्यभर ऐकलं आहे. "पुढचं मी विचारत नाही," ते म्हणाले. "आणि तुम्हीही बोलू नका. एक शब्दही नको."

मी मान हलवली.

"शिक्षणाच्या यादीत तुमचं नाव राहणार नाही. पापनिवेदन ऐकायची तुमची परवानगी मी काढून घेतोय. किती काळ, ते नंतर बघू."

"हो."

"फादर, तुमची परवानगी परत देतो."

फादरांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते खाली बघत होते.

परतताना गाडीत ते बोलले. "मीच त्या दिवशी थांबवायला हवं होतं. माझं नाही हे कळत होतं. पण इतकं छान होतं रे. वाटलं, आपल्या नावावर एक तरी असं वाक्य असावं. या वयात हाव सुटली." मला रडू आलं, गाडी बाजूला घ्यावी लागली. मागची गाडी भोंगा वाजवत राहिली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

फादर त्यांच्या कक्षात बसले. रांग छोटी होती, पण होती. उरलेल्या प्रती छापखान्यातून परत मागवून कोठीत टाकल्या. मावशींनी गठ्ठ्यांवर कांदे पसरलेत. माझ्याशी त्या तीन दिवस बोलल्या नाहीत, आज म्हणाल्या, "आमटी घ्या अजून, वाळलात." मी घेतली.

बिशपांनी टेलरबाईंना एवढंच कळवलं की ते वाक्य मोठ्या फादरांचं नव्हतं.

२६ ऑक्टोबर

मी चर्चच्या अंगणात पानं झाडत होतो. ऐकण्याचं काम नाही तर हे तरी. टेलरबाई फाटकातून आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"धाकटे फादर, त्या शनिवारी आत तुम्ही होतात."

मी झाडू धरून उभा राहिलो. हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना.

"नका बोलू. मला उत्तर नकोय." त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, ते पान दुमडलेलं होतं. "लोकांनी वाचलं त्याचं वाईट वाटलं, ते वाटलंच. पण त्याहून जास्त चीड कशाची आली सांगू? हे खाली काय लिहिलंय बघा. पुढच्या रविवारी ती कबरीवर गेली आणि तिला शांती मिळाली. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

त्यांच्या बोटाखालची ओळ मी वाचली.

"मी गेलेच नाही अजून. एकदाही नाही. कबर कुठली तेही माहीत नाही मला. आणि इथे तुम्ही मला शांती देऊन मोकळे झालात. वाचून वाटलं, सगळ्यांच्या लेखी आपलं आता संपलं. आता तिकडे जा म्हणून कुणी ढकलणारसुद्धा नाही."

मी म्हणालो, "मला क्षमा करा." फार बारीक आवाजात निघालं.

"ते बघू," त्या म्हणाल्या. पुस्तक पिशवीत टाकलं. फाटकापर्यंत गेल्या आणि थांबल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एकटीने जमत नाही हो तिकडे जायला. दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत आलेय."

मी झाडू भिंतीला लावला.

दफनभूमी चर्चच्या मागे, टेकाडाच्या उतारावर आहे. कबर सापडेना. राखणदाराला विचारलं, त्याने वरच्या कोपऱ्यातल्या एका ओळीकडे हात केला. दगडावर बहिणीच्या मुलांनी नाव कोरून घेतलंय, बाजूला गवत माजलंय. टेलरबाई आधी उभ्या राहिल्या, मग गवत उपटायला लागल्या, मग उपटता उपटता खाली बसल्या. मी दोन ओळी सोडून मागे थांबलो होतो. थोड्या वेळाने त्या बोलायला लागल्या. पहिले दोन शब्द माझ्यापर्यंत आले. तेव्हा मी वळलो आणि उतरत उतरत पार खालच्या फाटकाशी येऊन उभा राहिलो. तिथून त्या दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं.